नांदूर मध्यमेश्वरचा हत्ती

जानेवारीत आमच्या फुफूचा मुलगा अमेरिकेहून घरी आला. मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहतो, दोन वर्षांनी आला होता. अत्तराच्या बाटल्या, चॉकलेटे, दादींसाठी गुडघ्याचा पट्टा असे सगळे वाटून झाल्यावर त्याने बॅगेच्या तळातून एक मोजा काढला आणि मुलांसमोर उपडा केला. मोज्यातून चार दगड पडले. राखाडी, गुळगुळीत, लिंबाएवढे. मुलांची तोंडे उतरली. एवढ्या लांबून दगड?

तो हसला आणि एक दगड पाण्याच्या ग्लासात टाकला. बघता बघता त्यावर नक्षी उमटली. सहा कोनांच्या घरांची जाळी, प्रत्येक घराच्या मध्यभागी गडद ठिपका आणि त्यातून बाहेर निघालेल्या बारीक रेषा. दादींनी चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर मधाचे पोळे झाले."

पोळे नव्हे, पण घरे मात्र खरीच. हे पोवळ्यांचे जीवाश्म. सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी आजच्या मिशिगनच्या जागी उबदार, उथळ समुद्र होता. त्यात लहान लहान प्राणी एकमेकांना चिकटून वसाहती करून राहत. समुद्र गेला, वसाहती गाळात दबल्या, दगड झाल्या. पुढे हिमयुगातल्या बर्फाने ते खडक फोडले, घासले, आणि लेक मिशिगनच्या काठावर पसरवून ठेवले. त्या काठावर पेटोस्की नावाचे सुट्टी घालवायचे गाव आहे. तेथल्या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाच्या नावावरून गावाला नाव पडले आणि गावावरून दगडाला. १९६५ साली मिशिगनने त्याला राज्याचा दगड ठरवले. उन्हाळ्यात तेथे येणारी कुटुंबे पोहतात, आइस्क्रीम खातात आणि उरलेला वेळ माना खाली घालून काठाने चालत राहतात. सरकारी जागेवरून माणशी वर्षाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलोच दगड नेता येतात, असेही तो म्हणाला. त्यावर आमचा सहावीतला मुलगा पटकन बोलून गेला, "मग आपल्या नाशकात असे दगड का नाहीत?"

आम्ही लगेच उत्तर दिले, "आपल्याकडे सगळा काळा पाषाण. त्यात कुठले जीवाश्म?" हे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हाला गल्लीतल्या एका निवृत्त भूगोलाच्या सरांकडे जावे लागले. त्यांनी चहा मागवला आणि दीड तास सोडले नाही.

बरोबर असलेला अर्धा भाग असा. नाशिक ज्या खडकावर उभे आहे तो लाव्हाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. ब्रह्मगिरी, अंजनेरी, चांदवडच्या डोंगररांगा पाहिल्या तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. वितळलेल्या दगडात हाड काय आणि शिंपला काय, काही शिल्लक राहत नाही. पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे उगवत, प्राणी येत. त्या तळ्यांचा गाळ पुढच्या लाव्हाखाली दबला तर त्यात जीवाश्म सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत असे लहान बेडूक सापडले आणि १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरजवळच्या टाकळीला गोगलगायी आणि झाडे मिळाली.

"हे झाले लाव्हाचे," सर म्हणाले. "पण नाशिकला आणखी एक गोष्ट आहे, ती लाव्हाहून खूप तरुण. गोदावरी! नदीने आणलेल्या खडीत हत्ती सापडला आहे. नांदूर मध्यमेश्वरला. पक्षी बघायला जाता ना, तिथेच."

आम्ही दरवर्षी जातो. हत्तीबद्दल एकदाही ऐकले नव्हते.

पुढच्या रविवारी फजरनंतर निघालो. गाडीत आम्ही दोघे, तीन मुले, पाहुणा आणि हट्टाने दादी. डब्यात खिमा-पराठे, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा. नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर. संभाजीनगर रस्त्याला लागले की थोड्याच वेळात द्राक्षाच्या बागा सुरू होतात. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध. पारा फारच उतरला की मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या दिवशीही दोन-तीन बागांतून धूर जमिनीसरपट चालला होता. पाहुण्याला मिशिगनच्या बर्फाचे कौतुक, तरी त्याने शाल मागून घेतली.

(नाशिकला येणाऱ्या पाहुण्यांना हल्ली सगळे गंगापूर धरणाकडे पाठवतात. बोटिंग आहे, काठावर राहायची सोय आहे. पण त्या बाजूला वाइनच्या जाहिराती इतक्या की दादींना घेऊन जायचे म्हणजे गाडीच्या काचा वर करूनच. नांदूर मध्यमेश्वरला चहाची टपरी मिळाली तरी नशीब, पण घरच्या सगळ्यांना मोकळे फिरता येते.)

हे तळे निसर्गाने केलेले नाही. गोदावरी आणि कादवा जेथे मिळतात तेथे ब्रिटिश काळात, १९०७ ते १९१३ या वर्षांत, दगडी बंधारा बांधला. त्यातून निघालेले दोन कालवे अजूनही निफाड, कोपरगावकडची शेती भिजवतात. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे बसत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना हवी तशी दलदल तयार झाली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. पुढे रामसर कराराच्या यादीत जाणारे हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठिकाण ठरले, क्षेत्र सुमारे १,४३७ हेक्टर.

मनोऱ्यावर चढलो तेव्हा धुके उठत होते. वनखात्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या तरुणाने दुर्बीण लावून दिली. काळेकुट्ट वारकरी पक्षी शेकड्यांनी, कपाळावर पांढरा टिळा. केशरी चक्रवाक जोडीजोडीने. लांब गुलाबी पायांचे शेकाट्ये. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यातून अशा चालत होत्या जणू नव्या चपला चावताहेत. दूर पाण्यात पट्टकादंब हंसांचा थवा बसला होता. हिमालय ओलांडून येतात हे कळल्यावर दादी एकदम गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "सुब्हानअल्लाह, आणि मला जिना चढवत नाही."

पण मुलाचे लक्ष पाण्याकडे नव्हते, काठाकडे होते. त्याने सरांची गोष्ट वहीत लिहून आणली होती. ती अशी.

१९०५ साली गाय पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने सरकारी भूवैज्ञानिक खात्याच्या नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता गोदावरीच्या गाळात मिळालेला प्राचीन हत्ती. ठिकाण नांदूर मध्यमेश्वर. हा आजच्या हत्तीचा आजोबा नव्हे, त्याच्या घराण्यातली वेगळी, आता नष्ट झालेली शाखा. सुळे लांब आणि बरेचसे सरळ, डोके उंच आणि कपाळावर जाड कंगोरा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी चार मीटरहून उंच असे. आज आपल्या जंगलातला मोठा नर पावणेतीन मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तो याच्या शेजारी तरुण वाटला असता. शास्त्रीय नावात 'नमादिकस' असा शब्द आहे, कारण ही जात आधी नर्मदेच्या खोऱ्यात ओळखली गेली होती. ती नर्मदेची, तरी दर्शन दिले आपल्या गोदावरीनेही.

वर्षे नीट जुळवली तर एक गंमत दिसते. हत्तीचा लेख १९०५ चा, बंधाऱ्याचे काम १९०७ चे. म्हणजे हत्ती सापडला तेव्हा येथे तळेच नव्हते. नदी होती, उघड्या दरडी होत्या. नदीने दरड कापली की आतले थर दिसतात, तळाशी गोटे आणि खडी, वर वाळू, वर पिवळट माती. हाडे सापडतात ती बहुधा खालच्या खडीत. मेलेले जनावर पुराने वाहत यायचे, वळणावर अडकायचे, त्यावर गाळ बसायचा. जमिनीतल्या पाण्यातला चुना हाडाच्या बारीक छिद्रांत शिरायचा आणि हाड हळूहळू दगडासारखे जड व्हायचे. त्यातले बहुतेक थर आज बंधाऱ्यामागच्या पाण्याखाली आणि गाळाखाली गेले असणार.

गोदावरीच्या या खडीला माणसांचाही इतिहास आहे. १८६५ च्या सुमारास वाईन नावाच्या भूशास्त्रज्ञाला पैठणजवळच्या मुंगी येथे नदीच्या थरात अकीकाचे एक छिलके मिळाले, माणसाने दगडावर दगड आपटून काढलेले. अकीक आपल्या घरात अंगठीत असतो, पण सुरीसारखी धार करायलाही तो उत्तम. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया नाशिकजवळ गंगापूरच्या परिसरात नदीकाठच्या खडीत दगडी हत्यारे शोधत फिरले आणि १९५२ साली त्यांनी गोदावरीच्या अश्मयुगावर पुस्तकच काढले. त्याच सुमारास, १९५०-५१ मध्ये, जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर उत्खनन झाले. ज्या गल्ल्यांतून आपण रोज दूध आणायला जातो तिथल्या मातीत हजारो वर्षांची भांडी आहेत, हे आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते.

तर मुलगा काठाने चालू लागला, अगदी पेटोस्कीसारखा मान खाली घालून. मागोमाग आम्ही. अर्ध्या तासात त्याने ओरडून हाक मारली. हातात पांढरा, लांबट, दोन्ही टोकांना फुगलेला तुकडा. हुबेहूब हाड. पाहुण्याने मोबाईल काढला, दादी म्हणाल्या आधी हात धू.

वाटाड्या तरुण धावत आला. त्याने तुकडा उलटसुलट केला, नखाने खरवडला आणि दुसऱ्या दगडावर आपटला. "कंकर आहे," तो म्हणाला. "चुन्याचा गोळा. मातीत मुळांच्या भोवती चुना साचत जातो, म्हणून हाडासारखा आकार येतो. आम्हीही लहानपणी फसायचो." मग त्याने आम्हाला फरक समजावला. ताज्या हाडाला वजन नसते आणि त्यात जाळी असते. जुन्या, दगड झालेल्या हाडात जाळी दिसतेच, पण ते हातात जड लागते. कंकर फोडला तर आत जाळी नाही, नुसता चुना. आणि पुराने वाहून आलेली आजकालच्या गुराढोरांची हाडे काठावर कितीतरी असतात, त्यांनी हुरळून जायचे नाही.

मुलाने विचारले, "खरे सापडले असते तर नेता आले असते का?" तो म्हणाला, "नाही. अभयारण्यातून दगडसुद्धा परवानगीशिवाय नेता येत नाही. सापडले तर जागेवर ठेवायचे, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढायचा, जागा लिहून घ्यायची आणि आम्हाला सांगायचे. हाड एकदा उचलले की कुठल्या थरातून आले ते कळत नाही. मग त्याची किंमत तुमच्या कंकराएवढीच." तुकडा त्याने होता तेथे ठेवायला लावला. मुलाचे डोळे भरून आले होते, पण ठेवला.

आम्हाला खरी खंत वेगळीच वाटली. पेटोस्कीच्या दगडाला गावाने जपले आहे. दुकानांत, फलकांवर, शाळेच्या पुस्तकांत तो आहे. आमच्या हत्तीला ज्यांच्या काठावर तो मेला त्यांच्याच गावात कोणी ओळखत नाही. आम्ही टपरीवर चार जणांना विचारले. एकाने सर्कस आली होती का, म्हणून उलट विचारले. त्या काळी सरकारी खात्याला मिळालेले जीवाश्म कलकत्त्याला जात, आणि गेलेली वस्तू परत येत नाही. मूळ कवटी तिथेच राहो, पण तिचा एक साचा, एक चित्र, चार ओळींचा मराठी फलक पक्षीनिरीक्षण मनोऱ्याखाली लावायला किती खर्च येईल? जीवाश्म आणि भूवारसा जपण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये एका कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. कायदा होवो तेव्हा होवो, तोवर उरलेल्या दरडींतून वाळू आणि मुरूम उपसला जातोच, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय भरले आहे ते कोणी पाहत नाही.

जोहरची नमाज एका बांधावर, पेरूच्या झाडाखाली झाली. ज्यांचे शेत होते ते बाबा सत्तरीचे असतील. त्यांनी विहिरीवरून वजूला पाणी काढून दिले, मग आमच्याबरोबर पराठा खाल्ला. पक्ष्यांचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "पक्षी तुमचे पाहुणे, गाळ आमचा पाहुणा. तुमचे मार्चमध्ये जातात. आमचा जात नाही." गाळाने बंधाऱ्यामागे पाणी मावत नाही, पूर आला की वरच्या अंगाला फुगवटा येतो, असे या भागातले लोक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये चांदोरी आणि सायखेडा पाण्यात गेले होते ते आम्ही टीव्हीवर पाहिले होते. बाबांनी ते खिडकीतून पाहिले होते. गाळ काढा म्हणावे तर दलदल जाते, पक्षी जातात. ठेवा म्हणावे तर घरात पाणी. पाहुणा म्हणाला की काहीतरी मधला मार्ग असेल. बाबांनी त्याच्याकडे बघून पेरू कापला.

निघताना त्यांनी मुलाला हाक मारली. विहीर खोल करताना निघालेल्या दगडांचा ढीग बांधाला पडला होता. त्यातून एक काळा दगड उचलून दिला. वरून काहीच नाही. उलटा केला तर मधोमध अंड्याएवढी पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या सुयांचा गुच्छ, उन्हात चमकणारा. "हा माझ्या विहिरीतला. ने. याला कोणी अडवणार नाही."

हा जीवाश्म नव्हे, हे मुलाला आता ठाऊक होते. पण मग काय, हे पाहायला परतताना वाकडी वाट करून सिन्नर गाठले. नाशिक-पुणे रस्त्यावर, सिन्नरच्या अलीकडे माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' हे खनिजांचे संग्रहालय आहे. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी ते उभे केले. कारखान्यांच्या गर्दीत आत काय आहे याचा बाहेरून पत्ता लागत नाही. आत शिरल्यावर दादीही काठी विसरल्या. पीच रंगाचे, फुलपाखराच्या पंखांसारखे पसरलेले स्टिल्बाइट, काचेच्या तुकड्यासारखे स्वच्छ आणि कधी हिरवट अपोफिलाइट, कापसासारख्या दिसणाऱ्या पण बोटात घुसतील अशा सुया. यांतले बरेच आपल्याच सह्याद्रीच्या खाणींतले. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणीतले नमुने तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत.

हे कसे घडते ते तेथे कळले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, भाकरीला फोड यावेत तसे. नंतर गरम पाणी खडकात झिरपते, खडकातले घटक विरघळवून या पोकळ्यांत आणते आणि फार सावकाश एकेक कण रचत जाते. त्यातल्या एका मोठ्या कुळाला झिओलाइट म्हणतात. १७५६ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी हा दगड तापवला तर त्यातले पाणी उकळून बाहेर आले, म्हणून ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला कारखान्यात बनवलेला झिओलाइट घालतात, हे ऐकून अम्मीने मुलांकडे विजयी मुद्रेने पाहिले. शेवटी तिच्या हातातूनही काहीतरी विज्ञान जाते म्हणायचे.

विहीर खोदणाऱ्याच्या सुरुंगाला आणि खडीच्या क्रशरला यातले सौंदर्य कळत नाही. किती पोकळ्या रस्त्याखाली गेल्या असतील याचा हिशेब नाही. पण खाणीत काम करणारा मजूर असा दगड दिसला की हातोडा बाजूला ठेवतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात. नदीकाठच्या हाडाचे पैसे देणारे कोणी नाही, आणि ते असू नयेत हेही खरे. मग ते उचलण्याआधी हात थांबेल तो कशाने? परतीच्या वाटेवर यावर गाडीत बराच वाद झाला. मोठ्या मुलीचे म्हणणे होते की शाळेने दरवर्षी एक सहल इथे न्यावी, निफाडच्या प्रत्येक शाळेने. तिचे बरोबर आहे असे आम्हाला वाटते. पुढच्या पालकसभेत विषय काढायचे ठरले आहे, आणि आमच्या मुलांना सहलीला नेणाऱ्या शिक्षकांना आम्ही सरांचा पत्ता देणार आहोत.

पाहुणा परत जाताना चार पेटोस्की दगडांतले दोन ठेवून गेला. आता दिवाणखान्याच्या फळीवर ते दोन आणि बाबांच्या विहिरीतला एक असे तीन दगड आहेत. मुलाने तिन्हींखाली चिठ्ठ्या लावल्या आहेत, नाव, ठिकाण, तारीख, कोणी दिला. चौथी चिठ्ठी आहे, तिच्यावर दगड नाही. 'नांदूर मध्यमेश्वरचा हत्ती, १९०५, कलकत्ता.' दादी रोज सकाळी धूळ पुसताना पेटोस्कीचा दगड ओला करतात, नक्षी आली की पाहतात आणि पुसून ठेवतात. रिकाम्या चिठ्ठीवरूनही फडका फिरवतात.